सोन्याच्या नाण्यावर गुलामाची टोपी

२०२० साली लंडनमध्ये एका नाण्याचा लिलाव झाला. नाणे सोन्याचे, वजन जेमतेम ८ ग्रॅम, आकाराने आपल्या एक रुपयाच्या नाण्याएवढे. त्याला सुमारे ४२ लाख डॉलर किंमत आली. पुढे तपासात कळले की हे नाणे चोरट्या मार्गाने बाजारात आले होते आणि त्याच्या पूर्वमालकीची खोटी कहाणी रचली गेली होती. २०२३ मध्ये अमेरिकेतील तपास यंत्रणेने ते ग्रीसच्या स्वाधीन केले.

या नाण्याच्या एका बाजूला ब्रुटसचा चेहरा आहे. ज्युलियस सीझरचा खून करणाऱ्यांतला हा प्रमुख माणूस. दुसऱ्या बाजूला दोन खंजीर आहेत आणि त्यांच्या मधोमध एक साधी गोल टोपी. खाली लॅटिन अक्षरे आहेत, ‘ईद मार’, म्हणजे १५ मार्च. इ.स.पूर्व ४४ मध्ये याच दिवशी सीझरला मारले होते आणि इ.स.पूर्व ४२ च्या सुमारास ब्रुटसने आपल्या लष्करी टांकसाळीत हे नाणे पाडले. त्याच्या चांदीच्या प्रती थोड्याफार सापडतात. सोन्याच्या प्रती मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

खंजिरांचा अर्थ कोणालाही कळतो. माझा प्रश्न त्या टोपीबद्दल आहे. ती राजाची, सेनापतीची किंवा पुरोहिताची टोपी नव्हती. ती गुलामाची टोपी होती. मग रोममधल्या सर्वात उच्च घराण्यांपैकी एकात जन्मलेल्या माणसाने ती सोन्यावर का कोरावी?

टोपीचा अर्थ

रोममध्ये मालकाला गुलाम मुक्त करायचा असेल तर त्याचा एक विधी होता. गुलामाला अधिकाऱ्यासमोर उभे करायचे, एका काठीने त्याला स्पर्श करायचा आणि तो स्वतंत्र असल्याचे जाहीर करायचे. मुक्त झालेला माणूस डोके भादरून लोकरीची गोल टोपी घालत असे. या टोपीला ‘पिलियस’ म्हणत. कालचा गुलाम आज गुलाम राहिला नाही, एवढे सांगणारी ती खूण होती.

ब्रुटसने हीच खूण उचलली. सीझर हा मालक, रोमची जनता हे त्याचे गुलाम आणि आम्ही खंजीर चालवून त्यांना मुक्त केले, असे त्याला म्हणायचे होते. इतिहासकार डिओ कॅशियसने या नाण्याचा असाच अर्थ दिला आहे. गंमत अशी की जिवंतपणी नाण्यावर स्वतःचा चेहरा छापून सीझरने राजेपणाचा सोस दाखवला, असा त्याच्यावर आरोप होता. त्याला मारणाऱ्या ब्रुटसनेही नाण्यावर आपलाच चेहरा छापला.

आता आपण नेहमीचा प्रश्न विचारू या. हे स्वातंत्र्य कोणाचे? ज्यांची टोपी नाण्यावर आली, त्या गुलामांना त्यातून काय मिळाले? उत्तर सरळ आहे. काहीही नाही. ब्रुटस आणि त्याचे साथीदार स्वतः गुलामांचे मालक होते. गुलामगिरी संपवावी हा विचार त्यांच्या मनाला शिवलादेखील नव्हता. त्यांना हवे होते ते सिनेटमध्ये बसणाऱ्या काहीशे घराण्यांचे स्वातंत्र्य. प्रतीक मात्र त्यांनी सर्वात दबलेल्या माणसाच्या डोक्यावरून उचलले.

स्वातंत्र्याचा हा पुरस्कर्ता सावकार होता

ब्रुटसला पाश्चात्त्य साहित्याने सद्गुणाचा पुतळा करून ठेवले आहे. पण त्याच्याच मित्राची, सिसेरोची पत्रे वेगळे सांगतात. इ.स.पूर्व ५१ मध्ये सिसेरो सिलिशिया प्रांताचा राज्यपाल झाला. सायप्रस बेट त्याच्याच अखत्यारीत येत होते. त्या बेटावरील सॅलॅमिस या शहराला रोमच्या एका सावकाराने ४८ टक्के दराने कर्ज दिले होते. सिसेरोने आपल्या प्रांतात व्याजाची मर्यादा १२ टक्के ठरवली होती. त्याच्या आधीच्या राज्यपालाने या सावकाराला घोडदळ दिले होते आणि वसुलीसाठी त्याने शहराच्या सभागृहाला वेढा घातला होता. त्या वेढ्यात पाच सभासद उपाशी मेले.

नंतर सिसेरोला कळले की तो सावकार केवळ पुढे केलेले प्यादे होते. पैसा ब्रुटसचा होता. प्रांतातल्या लोकांना रोममध्ये असे कर्ज देण्यावर कायद्याने बंदी होती. त्यातून या व्यवहाराला सूट मिळावी म्हणून सिनेटने खास ठराव करून दिला होता.

टोपीचे नाणे पाडले त्या काळातही ब्रुटस सैन्याच्या खर्चासाठी आशिया मायनरमधील शहरांकडून सक्तीने वसुली करत होता. लिशियातील झँथस शहराने विरोध केला. त्याने वेढा घातला तेव्हा हार दिसू लागलेल्या तिथल्या लोकांनी शहर पेटवून सामूहिक मरण पत्करले. अशा वसुलीच्या दिवसांत, सैनिकांना वाटायच्या सोन्यावर स्वातंत्र्याची टोपी छापली जात होती.

स्वातंत्र्यावरचा कर

या टोपीचा आणि सोन्याचा आणखी जुना संबंध आहे.

इ.स.पूर्व ३५७ मध्ये रोममध्ये एक कायदा झाला. मालकाने गुलाम मुक्त केला की त्या गुलामाच्या किमतीच्या ५ टक्के रक्कम सरकारजमा करायची. व्यवहारात हे ओझे बहुतेक वेळा मुक्त होणाऱ्यावरच पडत असे. वर्षानुवर्षे पै-पै साठवून तो आपली किंमत मालकाला देई आणि वर हा कर भरी. या करातून आलेले सोने सरकार वेगळे ठेवत असे. शनी देवाच्या देवळात रोमची तिजोरी होती. तिच्या आतल्या राखीव कोठारात हे सोने अखेरच्या संकटासाठी जपून ठेवले जाई.

हॅनिबलबरोबरच्या युद्धात रोमचे दिवाळे निघायची वेळ आली. इ.स.पूर्व २०९ मध्ये हे राखीव सोने बाहेर काढावे लागले. लिव्ही या इतिहासकाराने आकडा दिला आहे, सुमारे ४००० रोमन पौंड. आजच्या मापाने ते जवळजवळ १३०० किलो होते. रोम संकटातून वाचले त्यात या सोन्याचाही वाटा होता. म्हणजे ज्यांना युद्धात पकडून बाजारात विकले, त्यांनीच स्वतःला परत विकत घेताना भरलेल्या कराने राज्याला हात दिला. शाळेच्या पुस्तकात हॅनिबलचे हत्ती येतात, हा कर येत नाही.

इ.स.पूर्व ४९ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा सीझरने याच राखीव तिजोरीवर हात टाकला. प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे त्याने १५,००० सोन्याच्या विटा उचलल्या. त्याआधी गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या लुटीतून त्याच्याकडे एवढे सोने आले होते की इटलीत त्याने ते कमी भावाने विकले. गॉलच्या युद्धात एका शहराच्या ५३,००० माणसांना एकाच सौद्यात विकल्याचे सीझरने स्वतः लिहून ठेवले आहे. त्यात लपवावे असे काही त्याला वाटले नाही.

इ.स.पूर्व ४६ मध्ये सीझरच्या राजवटीत सोन्याचे नाणे, म्हणजे ‘ऑरियस’, मोठ्या प्रमाणावर पाडले गेले. एका रोमन पौंडात अशी सुमारे ४० नाणी बसत. एक ऑरियस म्हणजे २५ चांदीचे डिनॅरियस. ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार ९ ऑरियस होता. यावरून हे सोने कोणाच्या हाती पोचवण्यासाठी होते याची कल्पना येते. ते मुख्यतः सैन्य आणि वरचा वर्ग यांचे चलन होते.

पुरोहिताची काठी

सीझरच्या या नाण्यावरील चिन्हे आपण नीट पाहिली पाहिजेत. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतलेल्या स्त्रीचे मुख आहे. दुसऱ्या बाजूला तीन वस्तू आहेत. शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वाकडी काठी, पूजेचे भांडे आणि बळी देण्याची कुऱ्हाड. सीझर सेनापती होता, तसाच इ.स.पूर्व ६३ पासून रोमचा मुख्य पुरोहितही होता. सत्ता तलवारीने मिळवली, तरी नाण्यावर ती धर्माच्या नावाने दाखवायची.

बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’त रोमचे उदाहरण दिले आहे ते नेमके याच संदर्भात. कनिष्ठ मानल्या गेलेल्या प्लेबियन लोकांनी लढून राज्यकारभारात जागा मिळवली. पण निवडून आलेला अधिकारी देवतेला मान्य आहे की नाही हे सांगणारे पुरोहित उच्चवर्णीय पॅट्रिशियन होते. त्यामुळे खरा लढाऊ प्लेबियन त्या खुर्चीपर्यंत पोचणेच अवघड झाले. कौल देवीचा आणि तो सांगणारे तोंड पुरोहिताचे. ही वाकडी काठी नाण्यावर पाहिली की बाबासाहेबांचा तो परिच्छेद डोळ्यांसमोर येतो.

सीझरचा वारस ऑगस्टस याने तर कमालच केली. ब्रुटसला त्याने हरवले, पण त्याचे प्रतीक टाकून दिले नाही. इ.स.पूर्व २८ च्या चांदीच्या नाण्यांवर त्याने स्वतःला ‘रोमन जनतेच्या स्वातंत्र्याचा कैवारी’ म्हणवले. हा शब्दप्रयोग गुलामाला मुक्त करण्याच्या कायदेशीर भाषेतला आहे. त्याच सुमारास त्याने सोन्याचे एक नाणे पाडले. त्यावर इजिप्तची मगर आहे आणि ‘इजिप्त जिंकले’ असे शब्द आहेत. स्वातंत्र्य रोमला, मगर इजिप्तला! पुढे या स्वातंत्र्याच्या कैवाऱ्याच्या राजवटीत, इ.स.पूर्व २ मध्ये, मृत्युपत्राने किती गुलाम मुक्त करता येतील यावर कायद्याने मर्यादा आली. मालकाकडे हजारो गुलाम असले तरी १०० च्या वर कोणाला सोडता येणार नाही, असा तो कायदा होता.

ज्यांना नाण्यावर रडताना दाखवले

रोमन सोन्यावर दबलेली माणसे येतात, पण कशी? इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम आणि तिथले ज्यूंचे मंदिर उद्ध्वस्त केले. तत्कालीन इतिहासकार जोसेफसने कैद्यांचा आकडा ९७,००० दिला आहे. लगेच सम्राट वेस्पेशियनने सोन्याचे नाणे पाडले. विजयस्तंभाच्या पायाशी एक स्त्री जमिनीवर बसून शोक करते आहे आणि खाली एकच शब्द आहे, ‘जुडिया’. एका अख्ख्या लोकसमूहाचा चेहरा म्हणून रडणारी बाई! वर, ज्यू लोक आपल्या मंदिरासाठी जो वार्षिक कर देत तोच आता रोमच्या ज्युपिटर देवाच्या नावाने वसूल होऊ लागला.

पण गोष्ट इथे संपत नाही. इ.स. १३२ मध्ये ज्यूंनी बार कोखबाच्या नेतृत्वाखाली पुन्हा बंड केले. त्यांच्याकडे सोने नव्हते. त्यांनी रोमची चांदीची आणि ब्राँझची नाणी घेतली आणि त्यांच्यावरच आपला ठसा मारला. सम्राटाच्या चेहऱ्यावर मंदिराचे चित्र आले, प्राचीन हिब्रू लिपीतली अक्षरे आली, ‘जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी’ हे शब्द आले. काही नाण्यांवर खालचा सम्राट आजही पुसट दिसतो. ते बंड इ.स. १३५ मध्ये रक्तात बुडवले गेले. तरीही मला ब्रुटसच्या सोन्यापेक्षा हे साधे नाणे मोठे वाटते. इथे स्वातंत्र्य हा शब्द ज्यांना ते हवे होते त्यांनी स्वतः लिहिला होता.

भारतात आलेले सोने

रोमचे हे सोने व्यापारातून आपल्याकडेही आले. मिरी, मोती, तलम कापड यांच्यापायी दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स भारतात जातात अशी तक्रार प्लिनीने केली आहे. तमिळनाडूतील पुदुकोट्टई भागात १८९८ मध्ये ५०१ रोमन सोन्याची नाणी एकत्र सापडली. त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीने आडवा घाव घातलेला आहे. तो का घातला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी म्हणतात सोन्याची पारख करायला, कोणी म्हणतात नाणे चलनातून बाद करायला. एक मात्र दिसते. रोमचे सैन्य जिथे नव्हते तिथे सम्राटाच्या चेहऱ्याला काही किंमत नव्हती, किंमत फक्त धातूला होती.

उत्तरेत कुषाण राजांनी स्वतःची सोन्याची नाणी पाडली. कनिष्काच्या एका दुर्मीळ सोन्याच्या नाण्यावर उभे बुद्ध आहेत आणि बाजूला ग्रीक अक्षरांत ‘बोड्डो’ असे नाव आहे. आपल्या समाजात या नाण्याचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण जी कसोटी ब्रुटसला लावली तीच इथेही लावली पाहिजे. त्याच कनिष्काच्या नाण्यांवर ग्रीक आणि इराणी देवही आहेत. नाण्यावर बुद्ध आले एवढ्यावरून राज्य बुद्धाच्या विचाराने चालले, असे म्हणता येणार नाही.

रोमन गुलाम आणि अस्पृश्य

इथे कोणी म्हणेल, रोममध्ये निदान टोपी तरी होती. मुक्त झालेला गुलाम नागरिक होत असे, त्याच्या मुलांना बरेच अधिकार मिळत. हे खरे आहे आणि बाबासाहेबांनीही ते मान्य केले आहे. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना त्यांनी दाखवून दिले की रोममधील अनेक गुलाम शिकलेले होते, लेखनिक, वैद्य, शिक्षक म्हणून काम करत होते. गुलाम ही मालमत्ता होती म्हणून मालक निदान स्वार्थापोटी तिची काळजी घेई. अस्पृश्याची काळजी घेण्यात कोणाचाच स्वार्थ नव्हता.

यातून गुलामगिरी चांगली ठरत नाही. जातीची व्यवस्था किती पक्की होती हे कळते. रोमन गुलामासाठी सुटकेचा एक विधी तरी होता. जातीत जन्मलेल्याला सोडवणारी कोणतीही काठी नव्हती आणि त्याच्या डोक्यावर ठेवायची कोणतीही टोपी नव्हती. म्हणून बाबासाहेब कोणाकडे टोपी मागत बसले नाहीत. १९२७ साली महाडला त्यांनी पाण्याला हात लावला आणि त्याच वर्षी मनुस्मृती जाळली. १९५६ साली नागपूरला लाखो लोकांनी स्वतःच्या तोंडाने बावीस प्रतिज्ञा घेतल्या. मालकाने द्यायची मुक्ती आणि आपण उच्चारलेली मुक्ती यांत हा फरक आहे.

आपल्या खिशातले नाणे

बाबासाहेब स्वतः चलनाचे अभ्यासक होते. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात त्यांनी रुपयाच्या विनिमय दराचा प्रश्न मांडला, तेव्हा रुपया घसरला की कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा, हे विचारले. भाव वाढतात, मजुरी मागे राहते आणि निर्यातदाराचा नफा मजुराच्या ताटातून जातो, हे त्यांनी दाखवले. नाण्यावर काय छापले आहे यापेक्षा त्या नाण्यात मजुराला काय विकत घेता येते, याकडे त्यांचे लक्ष होते.

त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली भारत सरकारने त्यांची प्रतिमा असलेले एक रुपयाचे नाणे काढले. ६ डिसेंबर २०१५ रोजी, १२५ व्या जयंती वर्षात, पंतप्रधानांच्या हस्ते १० आणि १२५ रुपयांची स्मारक नाणी प्रकाशित झाली. आपण ती कौतुकाने जपून ठेवली. माझ्याही घरी एक रुपयाचे ते जुने नाणे डबीत आहे आणि ते मी कोणाला देणार नाही. ज्या माणसाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही, त्याची मुद्रा देशाच्या चलनावर यावी ही लहान गोष्ट नाही.

पण रोमचा इतिहास आपल्याला सावध करतो. सत्ता दबलेल्यांचे प्रतीक सहज उचलते, कारण प्रतीकाला खर्च फारसा येत नाही. ब्रुटसला टोपी कोरायला एक ठसेकार पुरला. गुलामांना मुक्त करायचे असते तर त्याला स्वतःची मालमत्ता सोडावी लागली असती. राजकारणातल्या भक्तीबद्दल आणि सामाजिक-आर्थिक विषमतेबद्दल बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत जो इशारा दिला, तो त्यांची प्रतिमा छापणाऱ्यांनाही लागू आहे आणि ती प्रतिमा डबीत जपणाऱ्या आपल्यालाही.

म्हणून तरुण मित्रांना एवढेच सांगायचे आहे. कोणी आपले प्रतीक नाण्यावर, बॅनरवर, पुतळ्यावर किंवा योजनेच्या नावात आणले की जयजयकार करण्याआधी चार प्रश्न विचारा. हे कोणी पाडले? यातला धातू कोणाच्या श्रमातून आला? हे कोणाच्या हातात पडणार आहे? आणि ज्याचे प्रतीक घेतले, त्याच्या आयुष्यात काय बदलले? सरकारी गटारात उतरणारा सफाई कामगार, शिष्यवृत्तीची वाट पाहणारा विद्यार्थी, नावावर एक गुंठाही नसलेला शेतमजूर यांना घेऊन हे प्रश्न विचारा. उत्तर समाधानकारक असेल तर त्या नाण्याचा अभिमान बाळगा. नसेल, तर ती दोन खंजिरांमधली टोपी आहे हे ओळखा आणि हिशेब मागा.

जय भीम!